अश्वारोहण, दीर्घ पल्ल्याचे

घोड्याची प्रकृती राखून लांबचा मार्ग पार करण्याचा क्रीडाप्रकार. एंड्युरन्स रायडिंग व कॉम्पिटिटिव्ह ट्रेल रायडिंग हे त्याचे दोन मुख्य प्रकार होत.

उगम : महाराष्ट्रात लांब मजलांची परंपरा मराठ्यांच्या घोडदळात होती. आधुनिक क्रीडाप्रकार अमेरिकेत रुजला. तेथे १९५५ मध्ये टेव्हिस कप ही एका दिवसात १०० मैलांची स्पर्धा सुरू झाली, तर १९६१ मध्ये ट्रेल रायडिंगची संघटना स्थापन झाली. भारतात एंड्युरन्सचे नियमन भारतीय अश्वारोहण महासंघ करतो.

वैशिष्ट्ये : एंड्युरन्समध्ये तपासणीत टिकून अंतिम रेषा प्रथम गाठणारा विजयी ठरतो. आंतरराष्ट्रीय स्तरावरील कमाल अंतर सामान्यतः एका दिवसात १६० किमी. असते. टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य नाडी, पाण्याचे प्रमाण व चाल तपासतात. नाडी विहित मुदतीत साधारणपणे मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत न उतरल्यास, किंवा घोडा लंगडल्यास, तो बाद होतो. ट्रेल रायडिंगमध्ये अंतर तुलनेने कमी व वेळ ठरावीक असते. लवकर वा उशिरा पोहोचल्यास गुण कापतात. घोड्याची प्रकृती, वाटेवरील वर्तन व स्वाराचे कौशल्य यांवर गुण मिळतात.

महत्त्व : दोन्ही प्रकारांत घोडामालकाला खुरांची निगा, क्रमाक्रमाने सराव आणि पाणी व क्षारांचा पुरवठा सांभाळावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात निर्जलीकरणाचा धोका वाढतो. [→ घोडा; भीमथडी घोडा].