जुन्या घरगुती व्हिडिओ फाईल्स नव्या संगणकासाठी कशा बदलाव्यात?

लग्न, मुंज, बारसे, मंडळाच्या गणेशोत्सवातले नाटक यांचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे चित्रण बऱ्याच घरांत व्हीसीडी किंवा डीव्हीडीवर आहे. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोयही विंडोजमध्ये मुळात येत नाही. सीडी खराब होण्याआधी हे काम उरकून घ्यावे.

फाईल ओळखा
व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये '.डॅट' फाईल असते. ती एमपीईजी-१ प्रकारची, ३५२ × २८८ आकाराची असते. डीव्हीडीत 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरमध्ये एमपीईजी-२ प्रकारच्या '.व्हीओबी' फाईल्स असतात. एकच कार्यक्रम साधारण एक-एक जीबीच्या तुकड्यांत विभागलेला असतो. जुन्या मोबाईलच्या फाईल्स बहुधा '.३जीपी' असतात.

कृती
१. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह वापरून सर्व फाईल्स हार्ड डिस्कवर उतरवा. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून नको.
२. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाईल लावून पाहा. नुसती पाहायची असेल तर एवढ्यावरच भागते.
३. बदलायची असेल तर हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम घ्या. डीव्हीडी असल्यास एकेक तुकडा न देता पूर्ण फोल्डर द्या, म्हणजे कार्यक्रम सलग येतो.
४. एमपी४, एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी निवडा. गुणवत्तेचा आकडा १८ ते २० ठेवा. तो जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी.
५. हलत्या चित्राच्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर 'डीइंटरलेस' चालू करा.
६. आधी दोन मिनिटांचा भाग बदलून आवाज आणि ओठ जुळतात का पाहा. मगच पूर्ण फाईल लावा.

हे टाळा
'.डॅट'चे नाव बदलून '.एमपी४' केल्याने फाईल बदलत नाही. आकार वाढवल्याने चित्र स्पष्ट होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत मूळ समजू नका, ती आधीच दाबलेली असते. दर रूपांतरात थोडे चित्र गमावते, म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नका.

शेवटी
दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. फाईलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि गाव लिहा. घरातल्या ज्येष्ठांसोबत एकदा बसून कोण कोण दिसते तेही टिपून घ्या. फाईल पुढेही बदलता येईल, पण ती नावे सांगणारे माणूस नेहमी जवळ असेलच असे नाही.