पेज फॉल्ट

पेज फॉल्ट : प्रोग्रॅमने मागितलेले आभासी पान पेज टेबलात उपलब्ध नसल्यास, किंवा त्यावरील क्रियेस परवानगी नसल्यास, प्रोसेसरने कर्नलला दिलेली सूचना (पहा : आभासी स्मृती). मँचेस्टर विद्यापीठातील ॲटलस संगणकात (१९६२) ५१२ शब्दांची पाने चुंबकीय ड्रमवरून गाभा स्मृतीत आपोआप आणण्याची सोय प्रथम झाली. टॉम किलबर्न हे तिचे प्रमुख शिल्पकार.

नावात ‘फॉल्ट’ असला तरी ही बहुधा चूक नसते. एक्स८६ प्रोसेसरवर हा १४ क्रमांकाचा अपवाद असून संबंधित पत्ता सीआर२ रजिस्टरमध्ये नोंदला जातो. लिनक्स कर्नल तो पत्ता प्रक्रियेच्या वैध क्षेत्रांत शोधतो. पान आधीच स्मृतीत असल्यास केवळ पेज टेबलातील नोंद जोडली जाते (गौण फॉल्ट). डिस्कवरून वाचावे लागल्यास (प्रमुख फॉल्ट) प्रक्रिया थांबवून ठेवली जाते. त्यानंतर अडलेली आज्ञा पुन्हा मुळापासून चालते. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नाही. पत्ता अवैध असल्यास प्रक्रियेला सिगसेग्व्ह संकेत मिळतो आणि ती सहसा बंद पडते.

नवी प्रक्रिया निर्माण करणाऱ्या ‘फोर्क’नंतर पालक व अपत्य प्रक्रिया तीच पाने वाचतात; लिहिण्याच्या पहिल्या प्रयत्नात फॉल्ट होऊन त्या पानाची स्वतंत्र प्रत बनते (पहा : युनिक्स). स्मृती फार अपुरी पडल्यास पानांच्या अदलाबदलीतच बहुतेक वेळ खर्च होतो (पहा : थ्रॅशिंग).