खणखणीत की बद्द? वाचादोष ओळखण्याचा इतिहास

मंडळी, हुपरीत बोलायचं म्हटलं की चांदी टाळता येत नाही. रुपया दगडावर वाजवला की कान सांगायचा, खणखणीत आहे की बद्द. आजचा इतिहासही कानाचाच आहे. बोलणं ऐकून मेंदूत नेमकं कुठं बिघडलंय, हे माणूस कसं ओळखायला शिकला, ते आपण बघू.

शब्द आपल्याकडे भरपूर आहेत : बोबडी वळली, जीभ जड झाली, वाचा बसली. पण वापरतो सगळे सरमिसळ. सुश्रुतसंहितेनं मात्र मूक, मिन्मिण आणि गद्गद असे तीन रोगी वेगळे काढले. टीकाकार सांगतात, मिन्मिण म्हणजे नाकात बोलणारा, गद्गद म्हणजे अक्षरं गाळणारा. कफयुक्त वायू शब्दवाहिनी धमन्या अडवतो, हे त्यांचं कारण आज टिकत नाही. पण ऐकण्यातली बारकाई बघा!

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावर निबंध लिहिला, त्यात रोग्यांचं बोलणं समजेनासं होतं याची नोंद आहे. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका यांच्यापुढे एक रोगी आला. तो फक्त ‘तां’ एवढंच बोले. जीभ हलत होती, बोललेलं कळत होतं, तरी शब्द येईना. म्हणजे दोष जिभेत नव्हता.

खरी शिस्त आली ती १९६९ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डार्ली, अ‍ॅरॉन्सन आणि ब्राऊन या तिघांनी २१२ रोग्यांच्या ध्वनिफिती ऐकल्या आणि प्रत्येक आवाज ३८ लक्षणांवर तपासला. स्नायू किंवा त्यांच्या नसा लुळ्या पडल्या तर आवाजात हवा मिसळते, शब्द नाकातून येतात. मेंदूतून खाली येणारे दोन्हीकडचे मार्ग बिघडले तर बोलणं ताणलेलं, घुसमटलेलं. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक, एकसुरी, मधूनच घाईचा. कोरियात उलटं, अचानक हिसके. मोटर न्यूरॉन आजारात लुळेपणा आणि ताण दोन्ही एकत्र. या साऱ्याला डिसआर्थ्रिया म्हणतात. स्नायू धड असूनही उच्चारांची जुळणीच चुकते, एकच शब्द दर वेळी वेगळा चुकतो, तो अ‍ॅप्रॅक्सिया, तो वेगळा.

आणि छोटा मेंदू बिघडला तर? अक्षरं तुटक, कुठं भलताच जोर, चालही झुलती. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ मध्ये सहकारी स्वामी यांच्यासह अशा आनुवंशिक आजाराची नऊ भारतीय कुटुंबं ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडली. डोळ्यांची हालचाल मंदावणं ही त्या आजाराची खूण. पुढे जनुकशास्त्रानं या प्रकाराला एससीए-२ असं नाव दिलं. अशा माणसाला आपण काय म्हणतो? ‘पिऊन आलाय.’ दारूही छोट्या मेंदूवरच परिणाम करते, म्हणून कान फसतो. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही, त्यानं किती वेळा खुलासा करायचा?

आणखी एक. हे आजार बहुतेक हळूहळू येतात. वाचा एकाएकी जड झाली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तो झटका समजायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. रात्री ‘झोपून उठला की बरा होईल’ म्हणत घरीच ठेवलं, तर सकाळी ती वेळ निघून गेलेली असते.