मोजणाऱ्याची मोजदाद

शिरगणतीचा आकडा आमच्या समाजासाठी कधीच निर्जीव नव्हता. १९३२ साली लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला. संयुक्त प्रांतात अस्पृश्यांची संख्या शिरगणतीप्रमाणे सव्वा कोटीच्या वर होती; प्रांतिक समितीने ती सहा लाखांवर आणली! बंगालमध्ये तर एक कोटी तीन लाखांचे सत्तर हजार झाले. माणसे कुठे गेली? कुठेच नाही. मोजणारे बदलले होते, मोजण्याचा हेतू बदलला होता. बाबासाहेबांनी हा डाव ओळखला आणि लिहूनही ठेवला.

म्हणून कोणतीही पाहणी हाती आली की मी आधी विचारतो : कुणी विचारले, कुणी सांगितले, किती वेळात?

हा प्रश्न शास्त्रालाही परका नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पाहणीत एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडे सोपवले. योगायोगाने पडेल त्याहून मोठी तफावत आली की संशय पिकावर नव्हे, मोजणाऱ्यावर जाई. १९९८ साली मिक कूपर यांनी अशा माहितीला ‘पॅराडेटा’ म्हटले. नाव तेवढे नवे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अनेक फेऱ्यांच्या पत्रकांत अन्वेषकाने हेही लिहायचे असते : किती मिनिटे लागली, उत्तर देणारा राजी होता की नाखूश, आणि निवडलेले घर सोडून दुसरे घेतले असल्यास का. हा शेवटचा रकाना मला फार बोलका वाटतो. मराठवाड्यातले ऊसतोडीचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते. त्याच्या जागी गावात असलेले घर घेतले, तर कागदावरची गरिबी आपोआप कमी होते. अशी बदली घरे कुठल्या महिन्यात जास्त पडली एवढे तपासले, तरी पुढची फेरी तिथे केव्हा न्यावी ते कळेल.

पण घरातल्यांचा सामाजिक गट विचारला जातो, विचारणाऱ्याचा? मी पाहिलेल्या पत्रकांत तो रकाना नाही. पाणवठ्याचा प्रश्न पाटलाच्या ओट्यावर, पाटलादेखत विचारला तर वस्तीतला माणूस काय सांगणार?

२०२५ साली जाहीर झाल्याप्रमाणे २०२७ च्या जनगणनेत जात नोंदली जायची आहे, तीही मोबाइलवर. यंत्र प्रत्येक नोंदीची वेळ टिपू शकते. ती टिपावी, आणि नावे वगळून अभ्यासकांना खुली करावी. चाळीस घरांची वस्ती अर्ध्या तासात उरकलेली दिसली, तर ती पुन्हा मोजावी.