नावांचे दफ्तर

८ मे १९८९ रोजी इंटरनेटवर भारताच्या नावाने '.इन' ही नोंद झाली. ती सांभाळण्याचे काम ज्या संस्थेकडे आले ती दिल्लीत नव्हती. आमच्या अंधेरीला लागून, जुहूला होती. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. त्याआधी एर्नेट प्रकल्पात याच संस्थेने पवईच्या आयआयटीशी साध्या फोनलाइनवरून ईमेल सुरू केली होती. जुहू ते पवई! आपल्या उपनगरांचा हा इतिहास शाळेच्या पुस्तकात नाही.

नावांचे दफ्तर कशाला लागते? यंत्रांना फक्त आकडे कळतात आणि माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत. रिक्षावाल्याला 'चार बंगला' म्हटले की पुरते. सुरुवातीला अमेरिकेत सगळ्या यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर यांचे कार्यालय ती यादी ठेवी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडले : प्रत्येकाने आपापली यादी ठेवावी, वरच्याने फक्त कोणाला विचारायचे ते सांगावे. शाळेत मुख्याध्यापकांना प्रत्येक मुलाचे नाव पाठ नसते. सातवी 'ब'चे वर्गशिक्षक कोण, एवढे ते सांगतात. तसेच हे.

आकडे वाटण्याची सोय नंतर आली. राल्फ ड्रोम्स यांच्या नावावरचे डीएचसीपीचे पहिले जाहीर मानक १९९३ चे. घरात नवा फोन आला की तो ओरडतो, 'कोणी आकडा देता का?' दफ्तर एक आकडा पुढे करते, फोन तो मागून घेतो, दफ्तर शिक्का मारते. आकडा कायमचा मिळत नाही, मुदतीवर मिळतो. हजेरी, मुदत, दफ्तर हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. या कामाला ते किती चपखल बसतात, हे वर्गात सांगायला मला आवडते.

माझ्या घरी ही दोन्ही कामे एक जुना कॉम्प्युटर करतो. त्यावर डेबियन लिनक्स आहे आणि सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम. राउटरमधली आकडे वाटण्याची सोय आधी बंद केली, कारण एका वर्गात दोघांनी हजेरी घेतली की गोंधळच. १९२.१६८.१.१०० ते २०० हे आकडे पाहुण्यांना, बारा तासांच्या मुदतीने. प्रिंटरला आणि या कॉम्प्युटरला ठरलेला आकडा, ठरलेले नाव. पावसात केबल गेली तरी मुलांचे शब्दकोश आणि माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका नावाने उघडतात, कारण नाव विचारायला घराबाहेर जावेच लागत नाही.

पण एक गोष्ट त्याहून मोठी. कोण काय विचारतो, हे दफ्तर ठेवणाऱ्याला कळते. डीएनएसमास्कच्या एका ओळीने घरातल्या प्रत्येकाने कोणती साइट मागितली याची नोंद होऊ लागते. ती ओळ मी लिहिलेली नाही. मुलगी काय वाचते ते मी तिलाच विचारीन.

दफ्तर कोणासाठी उघडे, हाही प्रश्न आहेच. कडक नियमांमुळे २००४ पर्यंत '.इन'खाली जेमतेम सात हजार नावे होती. २००५ मध्ये कारभार निक्सीकडे गेला, नियम सैल झाले आणि सामान्य माणसाला नाव घेता येऊ लागले. २७ ऑगस्ट २०१४ ला देवनागरीत '.भारत' आले, पुढे उर्दू लिपीतही, उजवीकडून डावीकडे. उर्दूच्या मास्तराला त्याचा आनंद का होऊ नये? मात्र खालची जुनी यंत्रणा रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघेवरच चालते. म्हणून 'भारत' आत जाताना 'एक्सएन'ने सुरू होणारा एक अगम्य रोमन मजकूर होतो. पडद्यावर आपली लिपी, दफ्तरात दुसऱ्याची.

घरच्या कॉम्प्युटरचे नाव आम्ही 'किताब' ठेवले आहे. फाइलमध्ये ते रोमन 'के'ने सुरू होते.