हात न हलवणारे संचालक: दिंडीचे समूहगायन चालवतो कोण?

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील एक स्थानक आहे. वारकऱ्यांच्या लेखी मात्र ते त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव आहे. आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी पालखी येथे पोहोचते, तेव्हा नाशिक, अहिल्यानगर, करमाळा हा सारा प्रदेश पायांखालून गेलेला असतो. घसे बसलेले असतात, टाचा भेगाळलेल्या असतात. तरीही शेकडो कंठांतून निघणारा अभंग एका चालीत आणि एका लयीत असतो. समोर उभे राहून हाताने खुणा करणारा कोणीही नसतो. मग हे गायन बांधून ठेवतो कोण?

उत्तर एका माणसात सापडत नाही. दिंडीत पुढे पताका, त्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंगी आणि विणेकरी, मागे तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, अशी साधारण रचना असते. कोणत्या वेळी कोणता अभंग घ्यायचा, हे कोणाच्या लहरीवर नसते. पहाटेचा काकडा, रूपाचे अभंग, वासुदेव, गौळणी, सायंकाळचा हरिपाठ हा क्रम परंपरेने ठरलेला आहे आणि ‘भजनी मालिका’ या नावाने तो छापूनही मिळतो. विणेकऱ्याच्या बाजूने चरण उचलला जातो, एक रांग तो म्हणते आणि दुसरी झेलते. गती मृदंगाच्या हाती असते. टाळकरी नजर समोरच्या रांगेवर ठेवतो. पावली टाकताना पाऊल चुकले की ताल चुकल्याचे त्याला आपोआप कळते. तालीम, स्वरलिपी आणि संचालक या तिन्हींचे बरेचसे काम येथे पाठांतर आणि पाय करतात.

विणेकऱ्याचा मान मात्र वेगळा आहे. वीणा जमिनीवर ठेवायची नसते. एका खांद्यावरून ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. हा अधिकार व्यक्तीचा नसून वाद्याचा आहे. ती खांद्यावर असेपर्यंत तो पुढारी; उतरली की पुन्हा टाळकरी.

या व्यवस्थेला आजची शिस्त आणण्याचे मोठे श्रेय हैबतबाबा आरफळकर यांना दिले जाते. हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत असलेला हा सरदार उत्तरायुष्यात आळंदीला येऊन राहिला. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्यातून ज्ञानेश्वरांची पालखी पुढे वेगळी निघू लागली, ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांच्या पुढाकाराने. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांनी तिला घोडे आणि तंबू पुरवले. दिंड्यांना क्रमांक मिळाले: रथापुढे 27, उरलेल्या रथामागे. फौजेची चाल ठाऊक असलेल्या माणसाने भजनाला फौजेसारखी जागा आखून दिली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. 1836 मध्ये ते निवर्तले. आळंदीच्या महाद्वारातील त्यांच्या पायरीचे पूजन आजही होते.

त्या शिस्तीचे सर्वांत नाट्यमय दर्शन माउलींच्या पालखीतील समाजआरतीच्या वेळी घडते. मुक्कामाच्या तळावर सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा कल्लोळ टिपेला पोहोचलेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सारे निःशब्द होते. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती टाळ वाजवणे थांबवत नाही. चोपदाराला तिच्यापाशी जावे लागते, गाऱ्हाणे ऐकावे लागते. मगच ते टाळ शांत होतात. संचालकाच्या आज्ञेविरुद्ध वाजत राहण्याचा हक्क ज्यात गायकांना दिलेला आहे, असा दुसरा वृंद शोधावा लागेल.

युरोपातही ताल देणारी काठी होतीच. फ्रान्सच्या दरबारातील संगीतकार ल्यूली 1687 मध्ये वारला, तो तालासाठी आपटलेली काठी स्वतःच्याच पायावर बसून जखम चिघळल्याने. 1829 मध्ये बर्लिनला मेंडेल्सझोनने बाखचे विस्मृतीत गेलेले ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केले, तेव्हा त्याच्या हाती छोटी छडी होती. म्हणजे हैबतबाबांच्याच काळात तिकडे संचालकाचा स्वतंत्र पेशा आकार घेत होता. इकडे गोव्यातील चर्चमध्येही गायन शिकवणारा ‘मेस्त’ ही वेतनाची वृत्ती होती.

वारीत तसा पेशा घडला नाही, कारण त्याला तत्त्वाचाच अडसर होता. ज्या गावी कीर्तन करायचे तेथील जेवणही कीर्तनकाराने टाळावे, अशी तुकोबांची कडक भूमिका. मग बिदागीचे नावच नको. विणेकरी बहुधा पेरणी आटोपून आलेला शेतकरी असे.

पण कला शिकवायची तर शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने जगायचे कसे? विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा उत्तर निघाले ते माधुकरीचे. विद्यार्थ्याने घरोघरी भिक्षा मागायची आणि विनाशुल्क शिकायचे. सोनोपंत दांडेकरांसारखे विद्वान जोगमहाराजांचेच शिष्य. तयार झालेले कीर्तनकार, गायक आणि मृदंगवादक गावोगावच्या सप्ताहांत पोहोचले. आज त्यांतील अनेकांचा चरितार्थ याच कलेवर चालतो, कीर्तनाच्या मानधनावरून गावकीत वादही रंगतात आणि तुकोबांचा दाखला दोन्ही बाजू देतात. त्याच सप्ताहात, कीर्तन संपून मंडप रिकामा झाल्यावर, पहाऱ्याचा विणेकरी वीणा खांद्यावर घेऊन उभा असतो. पहाटे त्याची पाळी संपते, दुसरा येतो. या कामासाठी कोणी मोबदला ठरवलेला नसतो.