वर्ष चुकलेली कारवी

कारवी सात वर्षांनीं फुलते, हें कोंकणांत शाळकरी मुलालाही ठाऊक असतें. रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या उतरणीवर हें झुडुप दाट माजतें. त्याच्या सरळ काठ्यांचा कूड घालून वर शेणमातीचा गिलावा दिला, कीं गरिबाच्या घराची भिंत उभी राहत असे. इतक्या परिचयाच्या झुडुपाविषयीं आपला हिशोब मात्र ढोबळच राहिला. मुंबईजवळ बोरिवलीच्या रानांत कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या सालीं बहरली. म्हणजे तेथील अंतर ७ वर्षांचें नव्हे, ८ वर्षांचें. मधल्याच एखाद्या पावसाळ्यांत चारदोन झुडुपें जांभळीं फुलें घेऊन उभीं राहिलीं, तर ‘अवेळीं फुललीं’ असें म्हणून आपण पुढें चालूं लागतों. परंतु अवेळ ठरवावयास आधीं वेळ ठाऊक असावी लागते, आणि ती ठाऊक होते लेखी नोंदीनें.

अशा नोंदीचें मोल काय, हें पाहावयाचें तर अमेरिकेकडे वळावें लागतें. झाडाच्या बुंध्यावर बसून कर्कश सूर लावणारे सिकाडा नांवाचे किडे आपल्याकडेही आहेत; पण तेथील त्यांच्या कांहीं जाती १३ किंवा १७ वर्षें जमिनीखालीं मुळांतील रस शोषीत राहतात आणि ठरल्या वर्षीं लक्षावधींच्या संख्येनें एकदम वर येतात. मेरीलँडमधील बेंजामिन बॅनेकर या शेतकरी पंचांगकर्त्यानें १७४९, १७६६ आणि १७८३ या सालांची आपली पाहणी लिहून ठेविली, आणि १८०० सालीं हे किडे पुन्हां येतील असें अनुमान केलें. पुढें १८९८ सालीं मार्लट या कीटकशास्त्रज्ञानें एकाच वर्षीं वर येणाऱ्या समूहांना १ ते ३० असे क्रमांक दिले. त्यामुळें एका समूहाचें चुकलेलें वर्ष हें दुसऱ्याचें हक्काचें वर्ष असूं शकतें, हें ध्यानांत आलें. तथापि खरे चुकार किडेही असतातच. दहावा समूह यावयाचा २०२१ सालीं. त्यांतले पुष्कळ किडे २०१७ सालींच वर आले. असे थोडे आले तर पाखरें त्यांचा फडशा पाडतात, कारण संख्या हेंच त्यांचें कवच होय; पुरेसे आले तर त्यांतून नवा समूहही निपजूं शकेल, असें शास्त्रज्ञ मानतात. उलट अकरावा समूह १९५४ नंतर दिसला नाहीं. तो नाहींसा झाला, हेंही जुन्या नोंदी होत्या म्हणूनच कळलें.

आतां आपल्याकडील कळकाचा दाखला घेऊं. पश्चिम किनाऱ्यावर कळक फुलल्याचीं १८०४, १८३६ आणि १८६८ हीं सालें नमूद आहेत. अंतर बरोबर ३२ वर्षांचें. परंतु उत्तर कन्नडांतील सुप्याच्या रानांत बांबू सर्वत्र फुलला, तो १८६४ सालीं. धारवाड-बेळगांवकडील सुमारें ५०,००० माणसें तें बीं वेंचावयास लोटलीं. एकेक टोळी दहा ते चौदा दिवस राहून पावसाळ्याची बेगमी आणि विकावयास थोडें बीं घेऊन परतली. बांबू फुलला कीं दुष्काळ पडतो, ही जुनी समजूत. ती अगदींच निराधार नव्हे, कारण बियांवर माजलेले उंदीर पुढें शेतांत उतरतात. येथें मात्र त्या फुलण्यानेंच घरांत अन्न आलें. मग सुप्याचें रान चार वर्षें आधीं फुललें म्हणावें, कीं त्याची गणनाच निराळी होती? एका सालावरून हें ठरत नाहीं. त्यासाठीं त्याच रानाच्या मागच्या-पुढच्या बहरांचीं सालें हातीं असावीं लागतात.

इतिहासाच्या अभ्यासकास हा प्रसंग अपरिचित नाहीं. बखरींतील एखादा सन इतरांशीं जुळला नाहीं, म्हणजे आपण लेखनिकाला दोष देऊन मोकळे होतों. पण तो न जुळणारा सन कित्येकदां दुसऱ्या परंपरेचा एकमेव साक्षीदार असतो. वनस्पतींच्या बाबतींतही न जुळणारें वर्ष टाकून देणें म्हणजे पुरावाच टाकून देणें होय. शिवाय येथें वेळ थोडा आहे. कुडाच्या जागीं चिऱ्याच्या भिंती आल्या, कारवी तोडावयास रानांत जाणारीं माणसें विरळ झालीं, आणि तोंडीं चालत आलेली आठवण त्यांच्याबरोबर जाऊं लागली आहे. ज्या घरांत एकादशी-चतुर्थी चुकत नाहीं, तेथें पंचांगाच्या कोऱ्या समासांत एक ओळ अधिक लिहिणें अवघड नाहीं: अमुक साल, अमुक घाट, कारवीचीं इतकीं झुडुपें फुललीं. पूर्ण बहर लोकांच्या लक्षांत राहतो. चार झुडुपांचा राहत नाहीं. म्हणून लिहावयाचें तें आधीं त्या चार झुडुपांविषयीं.